बिल्ला नंबर एकेचाळीस

नाही हो साहेब, तपासणीच्या अहवालात ‘दार रुंद करा’ असं लिहून काय होणार? दार चांगलं रुंदच होतं. ते बघा ना भिंतीवर प्रशस्तिपत्र — मिनातो पेठ सभागृह, आपत्कालीन सराव, पहिला क्रमांक. सलग सहा वर्षं! कसं जमायचं? रांग, दुसरं काय. बिल्ला द्यायचा, खणातले आपले बूट घ्यायचे, पायात घालायचे, बाहेर. सरावातसुद्धा बूट घालूनच — अनवाणी रस्त्यावर जाईल का कोणी? आणि बूट घालून आतल्या चटईवर पाय? छे! एकवीस वर्षं मी, कुरामोची, इथं बूट सांभाळतोय, एक चप्पल इकडची तिकडे झालेली नाही.

तर त्या रविवारी दुपारी, म्हाताऱ्यांचा गाण्याचा कार्यक्रम चालू असताना, मागं स्वयंपाकघरात कोळंबी तळायचं तेल पेटलं. धक्काबुक्की? आमच्या पेठेत? काय बोलता! ऐंशी जण उठले, बसायच्या उशा सरळ करून ठेवल्या आणि रांगेत उभे राहिले — ‘आधी तुम्ही’, ‘छे छे, तुम्हीच व्हा पुढे’. हिरोसेआजोबांना बिल्ला सापडेना, तर ते खोकत खोकत मागच्यांची माफी मागत बाजूला सरले, सापडल्यावरच पुन्हा रांगेत आले. आणि मी? मी नंबर बघून बूट देत होतो. तेवीस. साठ. धुरात नंबर दिसेनात, तरी एक चूक नाही.

फुमिए सगळ्यांत शेवटी. माझी बायको हो. इथल्या माणसाची बायको पुढे घुसली तर लोक काय म्हणतील — हे मीच शिकवलेलं तिला, लग्न झाल्या झाल्या. दिसत होती मला. हाक मारली का? मारली की. काय म्हणालो? म्हणालो, ‘कृपया रांग मोडू नका.’

आगीनं नाही, धुरानं. एकोणऐंशी जण आपापले बूट घालून बाहेर पडले. बिल्ला नंबर एकेचाळीस तिच्या मुठीत होता, दवाखान्यात सोडवून घ्यावा लागला. चपला? या काय, खणात. बिल्ल्याशिवाय द्यायच्या नाहीत असा नियम आहे — आणि बिल्ला आता माझ्याच खिशात. मग देऊ कोणाला?

तेव्हा लिहा, दार ठीक आहे. आत बघायचंय? बघा ना, खुशाल — अहो, खाली वाकून काय करताय? नाड्या कशाला सोडताय? राहू द्या. राहू द्या म्हणतो ना! बूट गेले खड्ड्यात! पळा! सगळे पळा! फुमिए, पळ —

...

ओरडलो का मी? माफ करा. एवढा आवाज आहे मला, माहीतच नव्हतं. तुम्ही जा आता.