वरमायचा घसा

—तोंड मीट आधी, माशी जाईल. हो, मीच बोलतेय, या खोलीत दुसरं कोण आहे? रमजान रोट्या आणायला गेलाय, तोवर बोलून घेते. रमजान म्हणजे तुझा नवरा गं — तेहरानला गेल्यावर रामीन झाला, आम्ही नाव रमजानच ठेवलं होतं. काय सांगितलं त्यानं तुला — घशाचं ऑपरेशन झालं, आईचा आवाज गेला? ऑपरेशन कसलं डोंबलाचं. शेताच्या या टोकावरून त्या टोकाची शेळी हाकते मी. — बस ना, उभी का? ही केशराची फुलं घे पुढ्यात, ऊन चढायच्या आत तोडलीत, आजच निवडली नाहीत तर मातेरं होईल. तिन्ही लाल काड्या एकदम ओढायच्या. अशा. तुझ्या नखांनी फूल मरतंय, पण असू दे.

तर मागणी घालायला आलो तुमच्याकडे, तेव्हा बोलायचं कोणी? आमच्यात मुलाची आई बोलते. मी आपली गळ्याला रुमाल बांधून साखरेचा खडा चघळत बसले, आणि बोललं कोण — त्याचा ऑफिसातला साहेब, ज्यानं कधी त्याचं नाक पुसलं नाही. लग्नात सगळ्या बायका जिभा हलवून किलकाऱ्या देत होत्या, आणि मी, वरमाय, नुसत्या टाळ्या वाजवत होते. वर तुझा तो डॉक्टर मामा — माणूस भला आहे हो — भर लग्नात बॅटरी घेऊन माझ्या घशात उतरला. म्हणाला, इथे तर काहीच बिघडलेलं नाही. रमजान घामाघूम. म्हणे, तेच तर कुणाला कळत नाहीये.

का म्हणून काय विचारतेस? आमची इथली, तुरबतची बोली ऐकून तुझ्या घरचे हसतील म्हणे. फारसीच आहे बाई, तुमच्यासारखीच, फक्त तुम्ही इस्त्री करून बोलता. चिमणीला आम्ही चुगुक म्हणतो, पालीला कलपासे. त्यात हसायचं काय? चिमणीनं तर कधी तक्रार केली नाही. — आणि मी शिकायला गेले नाही असंही नाही. सगळा हिवाळा टीव्हीवरच्या बातम्यांच्या बाईमागून म्हणत बसले, शेजारीण म्हणाली, फिरलं हिचं डोकं. मग त्याला फोन केला, तुमच्यासारखं बोलून दाखवलं, अगदी तोंड आवळून. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आई, त्यापेक्षा तू गप्पच बस. — हे सांगायचं नव्हतं मला. तू फुलांकडे बघ, पिवळं मिसळतेयस लालात.

रडू नकोस, पोटात पोर असताना रडू नये. त्या पोरासाठीच तर तोंड उघडलं. रमजानला याच बोलीत वाढवला मी, तापात याच बोलीत थोपटला, तेव्हा नाही लाज वाटली त्याला. आता नातवंडाच्या पाळण्याशी काय हातवारे करत बसू? ते मला जमणार नाही. तुमचं तेहरान, तुमची माणसं, तुमचे जेवणखाणाचे सोहळे — तिथे मी मुकी, कबूल. पण पाळण्याजवळ मी बोलणार, आणि चिमणीला चुगुकच म्हणणार. हे त्याला तू सांग. तुझ्या त्या इस्त्रीच्या भाषेत सांग, त्याला तीच कळते हल्ली.

मी? मी कशी सांगणार? — गाडी आली वाटतं. तो रुमाल दे इकडे. माझा आवाज गेलाय ना.