कॅन्टीनची परवानगी

दुपारचे तीन, खालापूरजवळच्या रसायन कारखान्याचं फाटक. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कारखान्यात कॉम्प्युटरवर बसणारा बबन माझा, युनियनवाल्याचा, हात सोडेना.

"दादा, सायबानं तक्रारींच्या फायली मुंबईच्या हापिसातल्या मशीनवर नव्या डिरेक्टरीत, म्हंजी फायलींच्या कप्प्यात, टाकायला लावल्या. कोनी वाचायच्या, ती परवानगी कॅन्टीनच्या डिरेक्टरीवरनं कॉपी कर म्हनाला. आता जेवनाचा बेत बघनारा कोनबी तक्रारी वाचतो."

"मग बोंब मार की!"

"हळू बोला! गॅसगळतीची तक्रार माज्या भावाची हाय. काल चौक गावच्या धाब्यावर दोघांनी त्याला ती शब्द न् शब्द म्हनून दाखवली."

मी तडक त्या साहेबाला गाठलं. तो हसला, "वाचून वाचून आमचेच कामगार वाचणार ना?"

धाब्यावरचे ते दोघे कारखान्यात कामाला नव्हतेच. त्यांना तक्रार कोणी दाखवली, ते साहेबाने आजवर सांगितलेलं नाही.