धरणाखाली कोण झोपतं?

(मोंटाना, ऑगस्टमधली दुपार. वेंडेल स्कारच्या खासगी मातीच्या धरणाचा पायथा. तिथं चाकं काढलेली मेंढपाळाची जुनी गाडी, धुराड्यातून धूर. पाहणीला आलेली सरकारी इंजिनिअर मरिसा.)

वेंडेल : ‘मोठा धोका’ वर्ग? माझ्या धरणाला? अगं पोरी, माझ्या आजोबांनी घोडे जुंपून घातलाय हा बांध. तुमचा सरकारी रस्ता दर वसंतात वाहून जातो, त्याचा कुठला वर्ग?

मरिसा : रागावू नका, वेंडेलकाका. वर्ग धरणाच्या तब्येतीवरून ठरत नाही. ते फुटलं तर खाली कोण बुडेल, यावरून ठरतो.

वेंडेल : खाली गवत आहे. आणि शेजाऱ्याच्या गाई. त्या बुडाल्या तर मी काही रडायचा नाही.

मरिसा : गाई आम्ही हिशेबात धरत नाही, माणूस धरतो. मागच्या खेपेला इथं कोणी नव्हतं. आता ही गाडी आहे, आत चूल पेटलीय, पाव भाजल्याचा वास येतोय.

वेंडेल : गाडी म्हणजे काय घर आहे?

मरिसा : चाकं कुठायत मग?

वेंडेल : नाहीत.

मरिसा : आणि दाराशी रुबार्ब लावलाय. एकदा लावलं की वर्षानुवर्षं त्याचे आंबट देठ खायचे. लावणारा काही उद्या निघून जात नाही. कोण राहतं आत?

वेंडेल : एक हट्टी बाई.

आर्लिस : त्या हट्टी बाईला कान आहेत, वेंडेल! ये गं. राल्फची ना तू? नाक अगदी बापाचं. लिही, आर्लिस स्कार, याची बायको. वसंतापासून इथंच झोपते.

मरिसा : काकू! वरचं घर सोडून?

आर्लिस : मी एवढंच म्हटलं, तुझं धरण पाझरतंय. झालं! जणू भर चर्चमध्ये याच्या आजोबांना शिवी घातली. म्हणे, दव आहे ते. म्हटलं, मी तिथंच जाऊन राहते. तू दव म्हणायचं सोडलंस की येते घरी. चाकंसुद्धा मीच काढली. नाहीतर यानं झोपेतच ओढून नेलं असतं मला.

वेंडेल : नेलंच असतं.

मरिसा : म्हणजे काका पाझर मानत नाहीत म्हणून काकू खाली, आणि काकू खाली म्हणून धरण मोठ्या धोक्याचं! काका, हे असंच लिहिलं, तर सगळा बांध नव्यानं घालावा लागेल. नाहीतर तळं रिकामं करायला लावतील.

वेंडेल : रिकामं? आजोबांचं तळं?

आर्लिस : या रुबार्बला मी थेंबभर पाणी घातलेलं नाही. पानं बघ, छत्रीएवढी.

वेंडेल : दव.

आर्लिस : भर दुपारी? वेंडेल, पाय उचल.

वेंडेल : कशाला?

आर्लिस : उचल तर.

मरिसा : काका, चिखलाचा आवाज आला.

वेंडेल : ऐकलाय मी. माझाच बूट आहे.

आर्लिस : मग आता तरी बोल.

वेंडेल : कसं बोलू? आजोबांनी जाताना एकच सांगितलं, बांध सांभाळ. पाझरतोय म्हटलं की वाटतं, माझ्याच हातून गेला.

आर्लिस : अरे वेड्या, हा पहिल्या वर्षापासून पाझरतोय. तुझे आजोबा दर वर्षी चोरून इथं माती दाबायचे आणि चिखलाच्या बुटांनी घरी येऊन दव म्हणायचे.

वेंडेल : तुला कोणी सांगितलं?

आर्लिस : तुझ्या आजीनं, आपल्या लग्नात. म्हणाली, सांभाळून गं, या घरात दव फार पडतं.

वेंडेल : पाझरतंय. लिही पोरी. पाझरतंय.

मरिसा : लिहिलं. खडीची चारी काढून पाझराला वाट करून देऊ. बांध मोडावा नाही लागणार. पण खाली कोणी झोपतंय तोवर वर्ग काही बदलायचा नाही. काकू?

आर्लिस : मी येईन गं. पण गाडी वर न्यायची तर चाकं हवीत, ती खळ्यामागे टाकलीत, उघड्यावर. गंजून गेली असतील एव्हाना.

वेंडेल : नाही गंजली. दर रविवारी वंगण घालतोय मी.