वसंतकाका केटरर नव्हते

मंडळी, आयसेलिनचा हा हॉल आज भरलाय. वसंतकाकांच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय. दुःखानं. आणि खरं सांगतो, संतापानंही.

आपल्या मराठी मंडळाचा ईमेल वाचलात? ‘प्रसिद्ध केटरर वसंतकाका यांचे निधन.’ केटरर? हा माणूस साठच्या दशकात इंजिनिअरिंगला कॅलिफोर्नियात आला, कॉलेज सोडलं आणि केस वाढवलेल्या गोऱ्या पोरांसमोर बागेत नऊवारी नेसून नाचला. युद्धाविरुद्ध मराठीत पोवाडे गायला. त्या पोरांना एक शब्द कळत नव्हता, पण टाळी समेवर पडायची. मी ढोलकी कॅसेटी ऐकून शिकलो, गुरू केला नाही. पण पोवाड्याला डफच लागतो, ढोलकी नव्हे, हे काकांनी मला सुनावलं. बरोबर सुनावलं.

पुढे कॅलिफोर्निया सोडून इकडे पूर्व किनाऱ्यावर आले, आपल्या ओक ट्री रोडवर हॉटेल काढलं. पोपटी कुर्ता, कानात बाळी, पायात चाळ. भाकरी वाढता वाढता गिऱ्हाइकावर कवन रचायचे. मला पहिल्याच दिवशी विचारलं, नागपूरचा म्हणवतोस आणि रश्श्याला घाबरतोस?

दरवर्षी गणपतीत ते मंडळाकडे गण-गवळणीसाठी स्टेजचा एक तास मागायचे. दरवर्षी उत्तर तेच. काका, फॅमिली ऑडियन्स आहे, तुम्ही जेवणाचं बघा. गेल्या वर्षी कमिटीच्या बैठकीत हेच ऐकून त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“माझी भाकरी फॅमिलीला चालते. मीच तेवढा चालत नाही, होय ना?”

त्या बैठकीत मीही होतो. कमिटीवर होतो. मान खाली घालून बसलो. कुणीतरी हसलं आणि विषय संपला.

यंदाही त्यांनी अर्ज दिला होता. मंजूर नाही, नामंजूर नाही, नुसता पडून आहे. आणि आज फोटोला एवढा जाड हार? कुणाची लाज झाकायला?

त्यांनी तयार केलेल्या दोघी समोर बसल्यात. एक नर्स, एक प्रोग्रॅमर. गण-गवळण दोघींना पाठ आहे. ढोलकीला मी आहे.

सेक्रेटरीसाहेब, तुम्ही दोन मिनिटं मौन पाळायचं म्हणताय. पाळू. पण आधी सांगा, गणपतीच्या पहिल्या संध्याकाळचा एक तास वसंतकाकांच्या नावाचा की नाही? नंतर कळवतो म्हणू नका. या सगळ्यांसमोर सांगा.

हा घ्या माइक. तुम्ही हो म्हणा, मग आम्ही मौनाला उभे राहतो.