पांघरुणातली पिशवी

तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे दोन व्याही उभे होते, दोघांच्याही हातात लघवीची बाटली.

“पुन्हा ताप, व्याही?”

“मीच ओढवून घेतला. लघवीला नळी लावली होती, पिशवी खाटेखाली लोंबत होती. तुम्ही भेटायला आलात म्हणून उचलून पांघरुणात घेतली.”

“कशाला?”

“मुलीच्या सासऱ्यांना बापाची लघवी दाखवायची? पिशवी वर आली तशी लघवी नळीतून परत आत गेली, जंतू पसरले. सिस्टर म्हणाल्या, आजोबा, अब्रूपायी किडनी गेली असती.”

“मग त्या दिवशी मी तरी खुर्ची का नाकारली?”

“वाटलं, घाईत आहात.”

“मलाही नळी लावलेली, पिशवी धोतराआड मांडीला बांधली होती. बसलो असतो तर दिसली असती.”

“अरे देवा! चला, खिडकी मोकळी झाली. आधी तुम्ही.”

“छे, तुम्ही.”

“असं कसं? मुलाकडचे तुम्ही!”