सगळ्यात सोपी सीडी

यासीन : मग? गाणं कधी सुरू होणार?

अरशद : झालंय अब्बा. मघापासून सुरूच आहे.

यासीन : ही नुसती घरघर! तंबोरा लावून ठेवलान् नि गवई आलाच नाय, तसा प्रकार.

अरशद : ड्रोन मेटल म्हणतात याला. गिटारवर एकच सूर ताणत ताणत न्यायचा. यात घाई चालत नाही.

यासीन : गिटार हाय ही?

अरशद : गिटारच. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं इथूनच सुरुवात करायची. सगळ्यात सोपी सीडी आहे ही. तुमच्यासाठी मुद्दाम मुंबईहून आणली.

यासीन : उपकार झाले! तुला जहाजावर चिकटवायला मी एजंटच्या हापिसात हात जोडले, नि तू मुलाखत सोडून ही घरघर घेऊन आलास.

अरशद : मला जहाजावर जायचंच नाही. किती वेळा सांगू?

यासीन : मग खाणार काय? सीडी?

अरशद : तुम्ही शब्द दिलाय. पूर्ण ऐकायची, आणि यात काही सापडलं तर मला पाठवायचं नाही.

यासीन : दिलाय, म्हणूनच बसलोय. नाय सापडलं तर सोमवारी मुकाट माझ्याबरोबर निघायचं.

अजरा : अरे, बंद कर ते मेलं! चुलीपाशी उभं राहवत नाय. ती काशी कुंपणावरून विचारते, भाताची गिरण कधी घातलीत म्हणून.

अरशद : अम्मी, थोडा वेळ.

अजरा : तुझ्या बापाचा उभा जन्म धडधडीत गेला. रिटायर होऊन आले, आता घरात तरी शांतता असू दे त्यांना.

यासीन : तू आत जा गो. बापलेकाचं चाललंय.

अजरा : चालू दे. खाण तशी माती!

यासीन : जहाजाच्या इंजिनरूममध्ये कान गेले माझे. ते काय पोरानं घरात बसून तोच आवाज ऐकावा म्हणून?

अरशद : तोच?

यासीन : तोच नाय तर काय! मोठं इंजिन मंद चाललं की अस्साच यायचा. पायातून वर चढायचा.

अरशद : म्हणजे सापडलं ना काहीतरी!

यासीन : गप! शिव्या सापडल्या. जा, तिकडं बस. तुझं थोबाड बघत ऐकायचं ठरलं नव्हतं.

(सीडी अर्ध्याहून पुढे गेली आहे.)

अजरा : अजून चालूच? आता वायरच उपटते बघ.

अरशद : हळू, अम्मी. झोपलेत.

अजरा : कोण?

अरशद : अब्बा. कंटाळले. हरलो मी. बंद करतो नि सोमवारची बॅग भरतो.

अजरा : खुर्चीत? भर दुपारी? ...घोरतायत रे.

अरशद : उठवू?

अजरा : हात लावू नको. त्या सीडीलाही नको.

अरशद : आत्ता तर वायर उपटत होतीस!

अजरा : जहाजावर असाच आवाज असतो?

अरशद : असं म्हणाले मघाशी. रात्रंदिवस तोच. त्यातच झोपायचं.

अजरा : इथं सुट्टीवर आले की खिडकीशी बसून रात्र काढायचे. लग्न झाल्यापासून. विचारलं तर म्हणायचे, काय नाय.

अरशद : त्यावरूनच तर तू भांडायचीस.

अजरा : भांडू नको तर काय करू? ऐक, सोमवारी तू कुठं जायचं नाय. त्यांना मी बघते.

अरशद : पण मी शब्द दिलाय.

अजरा : शब्द गेला चुलीत. उद्या तुझी बायको पण माझ्यासारखीच समजत बसंल.

अरशद : काय समजत?

अजरा : की ह्याला माझ्या शेजारी झोप येत नाय.