नव्या गोठ्याची लाईन

उडालेला बल्ब बदलून घ्यायला आलेली शिंपीण विजेच्या सामानाच्या दुकानात रांगेत वैतागून उभी होती. पुढे एक गोठेवाला काउंटरमागच्या वायरमनशी बोलत होता, तिचे कान तिकडेच.

“दादा, नव्या गोठ्यासाठी केबल हवी. पण गाई आत पाऊलच टाकत नाहीत.”

“नखरेल दिसतात! अर्थिंग नसेल, काका. ओल्या जमिनीत करंट उतरतो, जनावराला आधी कळतं.”

“बायकोच्याही तळपायाला झिणझिण्या येतात.”

“अहो, मग आधी मेन स्विच बंद करा!”

“कसला मेन? लाईनच आली नाही अजून. केबल न्यायलाच आलोय ना!”

“जवळ खांब? मोटर?”

“काही नाही. नुसता माळ.”

वायरमनने केबलचं भेंडोळं खाली ठेवलं.

“काकू कुठे आहेत आत्ता?”

“गोठ्यातच. अनवाणी फरशी धुतेय.”